‘टोपली टेकताच उडी मारा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

तुर्कस्तानातील कॅपाडोकियाच्या बलून-सफरीविषयी ‘ग्रुप टूरने जाणाऱ्यांनी अवश्य वाचावे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्यापर्यंत तो आईमुळे पोहोचला. पुढच्या महिन्यात ती भिशीतल्या मैत्रिणींबरोबर त्या सहलीला निघाली आहे, आणि परवा ओट्याची कड धरून, एक पाय उचलून तिने मला दाखवले की टोपली जमिनीला टेकली की बाहेर उडी कशी घ्यायची. हे तिला त्या संदेशाने शिकवले होते, म्हणून मी हाच मुद्दा आधी घेते.

संदेशातील म्हणणे असे की, बलून उतरताच वरचे कापड अंगावर कोसळते आणि माणसे गुदमरतात, त्यामुळे सर्वांच्या आधी बाहेर पडावे. याहून घातक सल्ला मी वाचलेला नाही. आतल्या गरम हवेची उचल आणि खालचे वजन यांच्या तोलावर बलून तरंगत असतो. टोपली टेकली म्हणून ती हवा लगेच थंड होत नाही. अशा वेळी सत्तर-सत्तर किलोंची दोन माणसे बाहेर पडली, तर 140 किलो वजन एका क्षणात कमी होते आणि उरलेल्यांना घेऊन बलून पुन्हा वर उचलला जाऊ शकतो.

हे कसे घडते ते 26 फेब्रुवारी 2013 रोजी इजिप्तमधील लक्झर येथे साऱ्या जगाने पाहिले. संदेशात या अपघाताचा उल्लेख आहे, पण तो केवळ भीती घालण्यापुरता. बलून उतरत असताना इंधनाच्या नळीतील गळतीमुळे आग लागली; जमीन काही मीटरच खाली असताना भाजलेल्या पायलटने आणि एका प्रवाशाने उडी घेतली; हलका झालेला, आगीने आणखी तापलेला बलून सुमारे 300 मीटर वर गेला आणि उसाच्या शेतात कोसळला. टोपलीत 21 जण होते, त्यांपैकी 19 दगावले. उडी मारणारे दोघे वाचले ना, असे कोणी म्हणेल. होय, वाचले. पेटलेल्या टोपलीत माणसाला दुसरे काही सुचत नसेल, हेही मला समजते. परंतु आग नसलेल्या, सुखरूप उतरणाऱ्या टोपलीतून उडी मारायला शिकवणे म्हणजे मागे राहिलेल्यांचा जीव धोक्यात घालायला शिकवणे आहे, आणि आईच्या टोपलीत मागे राहणार आहेत त्या तिच्याच मैत्रिणी.

प्रत्यक्षात काय करायचे ते उड्डाणाआधी शिकवले जाते. दोन वर्षांपूर्वी मी याच ठिकाणी गेले होते, तेव्हा पायलटने आम्हा सर्वांकडून ते दोनदा करवून घेतले: गुडघे किंचित वाकवायचे, टोपलीच्या आतील दोरीच्या कड्या दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या, आणि तो सांगेपर्यंत कोणीही बाहेर पाय टाकायचा नाही. उतरताना त्याने टोपली थेट गाडीला जोडलेल्या ट्रेलरवर आणून टेकवली. खालची माणसे धावत येऊन टोपलीच्या कडेला लोंबकळली, बलूनच्या माथ्याची झडप उघडून गरम हवा सोडली गेली, कापड बाजूला आडवे झाले आणि त्यानंतरच आम्हाला एकेक करून उतरवले. कापड कोणाच्याही अंगावर पडले नाही.

दुसरा मुद्दाही तितकाच त्रासदायक आहे: ‘आकाश निरभ्र असताना उड्डाण रद्द झाले, तर ती टूरवाल्यांची लबाडी समजा आणि स्थानिक एजंटाला गाठून वेगळे पैसे देऊन उडा.’ बलूनला ब्रेक नसतो. वारा ज्या वेगाने नेईल त्याच वेगाने तो जमिनीवर येतो. जमिनीलगतचा वारा साधारण 10 नॉटच्या, म्हणजे ताशी 18 किलोमीटरच्या वर गेला की टोपली फरफटत जाण्याचा धोका वाढतो, आणि असा वारा स्वच्छ निळ्या आकाशातही असू शकतो. शिवाय निर्णय टूर मॅनेजरचा नसतोच. तुर्कस्तानचे नागरी विमान वाहतूक खाते रोज पहाटे वारा पाहून परवानगी देते किंवा नाकारते, आणि नाकारली की सर्वच कंपन्यांचे प्रवासी बलून जमिनीवर राहतात. आमचेही पहिल्या दिवशीचे उड्डाण असेच रद्द झाले होते. त्या दिवशी ‘मी उडवतो’ म्हणणारा एजंट एकतर खोटे बोलत असतो किंवा कायदा मोडत असतो.

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देण्याची गरज नाही. बलूनमध्ये गॅस भरलेला नसतो, गरम हवा असते आणि तो खालून उघडा असतो, त्यामुळे पक्ष्याने चोच मारल्याने तो फुटत नाही. वर गारठून बेशुद्ध पडण्याची भीतीही निराधार आहे. बलून वाऱ्याबरोबरच जात असल्याने वारा अंगाला जवळजवळ लागत नाही आणि डोक्यावर बर्नरची धग असते. खरी थंडी पहाटे खाली वाट पाहताना वाजते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. ही सफर पूर्णपणे निर्धोक नाही. कॅपाडोकियातच मे 2013 मध्ये दोन बलूनांच्या टकरीत ब्राझीलचे तीन पर्यटक दगावले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये जोराने आदळत उतरलेल्या बलूनमधील दोन स्पॅनिश पर्यटकांचा मृत्यू झाला. रद्द उड्डाणाचे पैसे परत मिळण्याविषयी संदेशाने व्यक्त केलेली शंकाही अगदीच चुकीची नाही. ती अट निघण्यापूर्वी लेखी मागून घ्यावी.

‘ज्येष्ठांनी बलून टाळावा आणि त्याऐवजी भुयारी शहर पाहावे’ हा शेवटचा सल्ला मात्र मला अजिबात पटलेला नाही. सुमारे 85 मीटर खोल गेलेल्या डेरिनकुयूमध्ये अरुंद, ठेंगण्या बोगद्यांतून कंबरेत वाकून खाली उतरावे लागते आणि तसेच वर यावे लागते. बलूनच्या टोपलीला दार नसते, बाजूच्या खाचांत पाय रोवून छातीएवढी कड ओलांडावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तेही आधी तपासावे, पण ते एकदाच चढणे आणि एकदाच उतरणे असते. आईने दोन्हींची तुलना केली आहे. बलूनच्या यादीत तिने नाव ठेवले आहे, आणि मैत्रिणी डेरिनकुयूत उतरतील तेव्हा ती वर थांबणार आहे.