चेंडू मीच आणायचा

समोरचे काका-काकू लेकीच्या डोहाळजेवणाला बेळगावहून पुण्याला निघाले आणि जाताना कुत्रा नि मांजर आमच्याकडं ठेवून गेले. पाच दिवसांसाठी. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "ठेवा की ओ काकू. रिटायर झाल्यापासून हे रिकामेच असतात." 35 वर्षं बँकेत काढली, पण तिथं मला कुणी रिकामा म्हटलं नव्हतं. म्हणण्यासारखा होतो, तरीही.

रिक्षात बसता बसता काकूंनी एकच सूचना केली, "त्यांना कंटाळा येऊ देऊ नका हं!" मला हसू आलं. जनावराला कसला कंटाळा? खायचं, झोपायचं. मीही तेच करतो.

कुत्र्याचं नाव सरजा. मुधोळ जातीचा, म्हणजे आपण ज्याला कारवानी म्हणतो तो. लांब पाय, पातळ कंबर, सगळी हाडं आणि ऐट. या जातीचं 2005 साली टपाल तिकीट निघालं होतं, हे काका ओळख करून देतानाच सांगतात. आमच्या घराण्याची मजल तिकिटाला थुंकी लावण्यापर्यंतच गेलेली, त्यामुळं पहिल्या दिवशी मी त्याच्याशी जरा अदबीनंच वागलो.

अंगणात चेंडू टाकला. सरजा बाणासारखा सुटला, चेंडूपर्यंत पोचला, चेंडू थांबला, आणि सरजाही थांबला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गेलो, चेंडू आणला, पुन्हा टाकला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी बायको खिडकीतून म्हणाली, "चांगला शिकवलाय की तुम्हाला." नंतर कळलं ते असं, की हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. चेंडू पळतोय तोवर ससा, थांबला की नुसता चेंडू. आणि चेंडू उचलणं हे त्याच्या घराण्यात बसत नाही.

दुसरी अडचण भाषेची. "बस" म्हटलं तर बसेना, "ये" म्हटलं तर येईना. मला वाटलं बहिरा आहे. पुण्याला फोन लावला. काका म्हणाले, "अहो, मुधोळहून आणलाय त्याला. कानडीत सांगा. कुंद्रु म्हणा." मी "कुंद्रु" म्हटलं आणि गडी लगेच खाली बसला. "बा इल्ली" म्हटलं, आला. फक्त "भाकरी" हा शब्द त्याला मराठीत समजत होता, तोही दोन खोल्यांपलीकडून. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्याकडं भाकरीपुरता तो पहिल्याच दिवशी सुटला.

दुसऱ्या दिवसापासून पाऊस लागला. बेळगावचा जुलै, म्हणजे वाळत घातलेला बनियन पुढच्या आठवड्यात घालायचा. सरजाला बाहेर नेता येईना. दुपारी मी तासभर झोपलो, तेवढ्यात त्यानं माझी डावी चप्पल, उशीचा एक कोपरा आणि रविवारची पुरवणी संपवली. पुरवणीबद्दल मी त्याला काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली तसा त्याला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला नेला. मी झपझप चालवला. माझी चार हजार पावलं झाली आणि घरी येऊन त्यानं उजवी चप्पल घेतली. शेवटी कॅम्पातल्या एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "चालवता कशाला? हुंगू द्या की. नजरेचा कुत्रा असला तरी नाक आहेच ना त्याला. पाय दमले तरी डोकं ताजंच राहतं. नाकाला काम मिळालं की डोकं दमतंय." जाता जाता दम भरला, कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात द्यायचं नाही. माझ्या खिशात गोकाकचं करदंट होतं, म्हणजे सुकामेव्याची वडी. ते मी गुपचूप स्वतःच खाल्लं.

चौथ्या दिवशी त्याच व्हॅक्सिन डेपोवर अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे पावलं चाललो. एकेका दगडाचा सरजानं असा पंचनामा केला, की बांधाच्या भांडणात तलाठीसुद्धा करणार नाही. एक वाळकं पान तर तीनदा वाचलं. मधेच एक प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यानं उडाली, तेवढ्यापुरतं नाकाचं काम थांबून नजरेचं सुरू झालं, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला असल्यामुळं मीही त्या शिकारीत सामील झालो. ओळखीच्या दोघातिघांनी पाहिलं. एकानं हात केला. पण घरी आल्यावर सरजा जो आडवा झाला तो संध्याकाळीच उठला.

पाऊस आला की घरातच नाकाचं काम. जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे पसरायचे, गुंडाळी करायची, सैलसर गाठ मारायची आणि समोर ठेवायची. पहिल्यांदा त्यानं सव्वा मिनिटात सोडवली. मग मी गुंडाळीत गुंडाळी केली, ती खोक्यात घातली, खोक्यात रद्दीचे बोळे भरले. वीस मिनिटं! बँकेत लॉकरची किल्ली सांभाळली, पण एवढी कडक व्यवस्था मी तिथंही केली नव्हती.

मांजराचं नाव ठकी. दिवसभर कपाटावर. मला वाटलं, हिचा काही त्रास नाही. पण मांजराचा दिवस तिन्हीसांजेला आणि पहाटे सुरू होतो, हे मला पहाटे साडेचारला माझ्या पोटावरून कळलं. भाच्यानं लेसरचा लाल ठिपका आणून दिला. ठकी त्याच्यामागं भिंतीवर चढायची बाकी राहिली. बंद केल्यावर मात्र तासभर त्याच जागी बसून भिंतीकडं बघत होती. पंजात काहीच येत नाही, मग शिकार संपणार कशी? म्हणून काठीला दोरी, दोरीला कोंबडीचं पीस. पडद्याआड लपवायचं, थोडं हलवायचं, शेवटी तिला पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. रात्री निजायच्या आधी हे केलं की पहाट शांत. दोरी तेवढी आठवणीनं उचलून ठेवायची, नाहीतर ती गिळते.

काका-काकू आले, कुंद्याच्या मिठाईचा डबा दिला. पुण्याहून येऊन बेळगावात घेतलेला. "त्रास नाही ना दिला?" मी नवी चप्पल पायाखाली लपवत नाही म्हटलं. सरजा मागं न बघता गेला. ठकीनं तर कपाटावरून आधी माझ्याकडं आणि मग दाराकडं असं बघितलं, की दार मीच उघडलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहाबरोबर चिवडा घ्यायला गेलो तर डबा जागेवर नाही.

"चिवडा कुठाय ओ?"

"हुडका की," बायको आतून म्हणाली.

फडताळ बघितलं, तांदळाचा डबा बघितला, देवघराखालचा खण बघितला. पंचवीस मिनिटांनी सापडला, कपड्यांच्या कपाटात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. गाठ सैलसरच होती.

त्या रात्री मला नऊ वाजताच झोप लागली.