पाहिजे : एक एजंट

सांगलीत एजंटाशिवाय पान हलत नाही. लायसनला एजंट, विम्याला एजंट, प्लॉटला एजंट आणि लग्नासाठी घरटी एक मावशी. त्यामुळे पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, कादंबरी अशी थेट पाठवत नसतात, आधी लिटररी एजंट गाठायचा असतो," तेव्हा मला उलट हायसं वाटलं. एवढंच ना? गणपती पेठेत शिरलं की चौथ्या दुकानात सापडेल.

ओळखीच्या विमा एजंटाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कादंबरीचा विमा काढायचाय?" नाही हो, म्हटलं, कादंबरी विकून देणारा माणूस पाहिजे. त्याने माझं वय विचारलं. मग बीपी विचारलं. तासाभराने मी एक पॉलिसी काढून घरी आलो.

कादंबरी ४१२ पानांची आहे. सहा वर्षं चाललेली, आणि त्यात पूर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गल्लीतली माणसं टीव्ही, सिलेंडर, धान्य माळ्यावर चढवत होती. मी वह्या चढवत होतो. गव्हाचं पोतं खालीच राहिलं. हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

भाच्याने माहितीचं भेंडोळं पाठवलं. धंदा मूळचा लंडनचा. १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थांनी लेखकाच्या बाजूने प्रकाशकाशी घासाघीस करायची आणि दहा टक्के ठेवून घ्यायचे, असा उद्योग मांडला. आता साधारण पंधरा टक्के, परदेशी हक्क विकले तर वीस. आधी एक पैसा द्यायचा नाही. वाचणावळ मागणारा दिसला की मागच्या पावली परत फिरायचं. २००८ साली साहित्य संमेलन आमच्याच गावात भरलं होतं. मांडवात मी दोन दिवस होतो. वडापावपासून विश्वकोशापर्यंत बरंच काही पाहिलं, पण एजंट म्हणून मिरवणारा कुणी भेटल्याचं आठवत नाही.

शेवटी दिल्लीच्या एक एजंटबाई सापडल्या. त्यांना हवं होतं एकपानी पत्र, एकपानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं. शिवाय, "आपल्या कादंबरीसारखी अलीकडची दोन पुस्तकं सांगा." सहा वर्षं मी ती कुणासारखी होऊ नये म्हणून मरत होतो!

सारांशाने तर घाम काढला. ४१२ पानं एका पानात कोंबली की उरतं काय? नायक गावी येतो, नायकाला वाईट वाटतं, नायक गावाहून जातो. त्यात सारांशात शेवट लपवायचा नाही, असा नियम. बायको मागे उभी राहून वाचत होती. "मी सहा वर्षं विचारतेय, नायिका मरते का म्हणून. मला सांगितलं नाहीत. आणि या दिल्लीच्या बाईला पहिल्याच पत्रात?"

पत्र मात्र मेव्हण्याने शिकवलं. तो मार्केट यार्डात हळदीचा अडत्या. सौद्याच्या दिवशी मी माझं तीनपानी पत्र घेऊन त्याच्या गाळ्यावर गेलो. तो काही बोलला नाही. समोरच्या पोत्यातून एक राजापुरी हळकुंड उचललं, कट्टदिशी मोडलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. आत गर्द केशरी रंग. "दाजी, खरीददार एवढंच बघतोय. मोडल्याचा आवाज, आतला रंग, वास. शेतकरी काय पोत्यापुढं उभा राहून हळदीचं चरित्र सांगत न्हाई." मी तीन पानांचं एक पान केलं. बालपण, आजीच्या ओव्या आणि शाळेतलं बक्षीस गेलं.

"पंधरा टक्के घेत्यात?" तो मध्येच म्हणाला. "आमी एवढी अडत कापली तर पाटलं कोयता घेऊन येत्याली."

उत्तराला बारा आठवडे लागतील, असं कळवलं होतं. मेव्हणा हसला. पूर्वी हरिपूरच्या पेवात, जमिनीखाली, हळद वर्षानुवर्षं पडून राहायची. त्याला बारा आठवड्यांचं काय! मी मात्र दिवसातून बारा वेळा मेल उघडत होतो. उत्तर आलं ते फार सभ्य होतं. विषय आवडला, पण आम्ही इंग्रजी हस्तलिखितंच हाताळतो. अनुवाद असल्यास जरूर पाठवा.

रागारागाने मी हिशेब मांडला. पुस्तक ४०० रुपयांचं, आवृत्ती ५०० प्रतींची, सगळी खपली असं देवाशप्पथ धरलं, तर दहा टक्के रॉयल्टीने मला २०,०००. त्यातले एजंटाला ३,०००. एवढ्यासाठी कोण माझी सहा वर्षं डोक्यावर घेऊन पुण्याच्या पेठा तुडवणार? विमावाल्याचं बरं आहे, त्याला दर हप्त्याला काहीतरी मिळतं.

तुडवल्या मेव्हण्याने. वसुलीला पुण्याला जाणारच होता, तर म्हणाला, "द्या हिकडं." कादंबरी हळदीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून नेली आणि एका प्रकाशकांच्या टेबलावर ठेवली. टेबल पिवळं झालं म्हणे. पण मालक भला माणूस, चहा पाजला, ठेवून घेतली. दोन महिन्यांनी मेव्हण्याचाच फोन आला.

"दाजी, माल चांगला हाय म्हणत्यात. पन ओला हाय."

"ओला म्हणजे?"

"आजून शिजवून वाळवाय पायजे. ओली चार क्विंटल हळद वाळली की कशीबशी एक भरती, त्या हिशेबानं बघा. म्हणत्यात, नायिकेचं बालपण समदं काढा, मग बोलू."

फोन स्पीकरवर होता. ठेवला तेव्हा बायको दारात उभी.

"पुरात माळ्यावर चढवलेल्या वह्या," ती म्हणाली, "त्या कशाच्या होत्या?"

"बालपणाच्या."

ती काही बोलली नाही. आत गेली. गव्हाच्या डब्याचं झाकण तेवढं जरा जोरात लागलं.