सुट्टीवर आल्यावर बोलू म्हणता, तोवर काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ख्रिस्ती घरांत एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: पापाची कबुली फादरसमोर द्यायची की थेट देवाला? वादाला कारणही आहे. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आलं, पुढे ते काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं; ते थेट देवाला सांगा म्हणतात, कॅथलिक फादरांसमोर. कॅथलिक बरेचसे गोव्याकडून घाटावर आलेले. त्यांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचा. पूर्वी एका गल्लीत दोन्ही घरं होती, आता सोयरिकींमुळे एकाच घरात दोन्ही आहेत. लग्नाच्या मांडवापासून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत हा विषय निघतो, वचनं काढली जातात आणि शेवटी दोन्ही बाजू आपापल्या जागी राहतात. कतारमधल्या दोहा शहरात बसून हे वाचताना एक गोष्ट खटकते. कोणाकडे, यावर सगळे तावातावाने बोलतात. कधी, हे कोणीच विचारत नाही.

परदेशात नोकरी करणाऱ्यांना तर उशीर फार सोपा जातो. ज्याचं आपण बिघडवलं तो माणूस गावाकडे, आपण इथे. ‘सुट्टीवर गेल्यावर समोरासमोर बोलू’ हे ऐकायला जबाबदारीचं वाटतं, पण रजा कधी वर्षाने, कधी दोन वर्षांनी. गावाकडचे लोक हेच ‘गुड फ्रायडे येऊ दे’ म्हणून करतात.

मधल्या काळात मनात काय घडतं ते बघा. समजा, भावाभावांच्या समाईक काजूच्या बागेचे पन्नास हजार एकाने परस्पर ठेवून घेतले. पहिल्या आठवड्यात त्याला नीट ठाऊक असतं की ही चोरी आहे. महिन्याभराने मन हिशेब मांडू लागतं: आईच्या औषधपाण्याचे पैसे मीच पाठवतो ना? मग बायकोला सांगताना गोष्ट आणखी बदलते, आणि वर्ष उलटलं की ज्याने पैसे खाल्ले तोच भावावर रुसून बसलेला दिसतो. पाप तसंच असतं, फक्त त्याचं नाव पुसलं गेलेलं असतं. दावीद राजाचं हेच झालं. बथशेबाचं प्रकरण लपवण्याच्या धडपडीत व्यभिचाराला तिच्या नवऱ्याच्या, उरीयाच्या, खुनाची जोड मिळाली, आणि नाथान संदेष्टा दारात आला तोवर मूल जन्मलेलं होतं. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की गप्प राहिल्याने माझी हाडं झिजली. क्षमा मागितल्यावर मिळालीच, पण उरीया परत आला नाही.

म्हणून कबुलीचं घड्याळ त्याच दिवशीच्या रात्रीला लावावं. संत इग्नेशियसने दिवसाच्या झडतीचे पाच टप्पे घालून दिले: देवाचे आभार, आपलं मन दिसावं म्हणून प्रकाशाची याचना, दिवसाचा तास-तास आठवणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय. दहा मिनिटं पुरतात. बहुतेकांचं चुकतं ते तिसऱ्या टप्प्यात. ‘मी पापी आहे’ असं मोघम म्हणून लोक सुटतात. ‘दुपारी साहेबांना खोटं सांगितलं की फाईल पाठवली’ असं म्हणायला हवं.

यावर आमचे मेथडिस्ट नातेवाईक म्हणतील, मग झालं, थेट देवाला सांगितलं. पण मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३८ मध्ये आपल्या छोट्या गटांसाठी जे नियम केले, त्यांत दर आठवड्याला प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच होता: मागच्या भेटीनंतर तुझ्याकडून कोणतं पाप घडलं? याकोबाच्या पत्रातल्या ‘एकमेकांजवळ पापे कबूल करा’ या वचनावर ते गट उभे होते. ही शिस्त आज किती मंडळ्यांत उरली आहे? कॅथलिकांनीही छाती काढू नये. वर्षातून एकदा तरी कुमसार, म्हणजे फादरांसमोर पापाची कबुली, हा १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेचा नियम कमीत कमी किती, एवढंच सांगतो. आपण त्यालाच पुरेसं मानून बसलो.

फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर गावच्या फादरांकडे कुमसार होत नाही. कुमसारासारखे चर्चचे संस्कार (सॅक्रामेंट) इंटरनेटवरून देता येत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केलंय. पण म्हणून सुट्टीपर्यंत वाट पाहत राहायचं असंही नाही. गंभीर पाप घडलं तर त्याच क्षणी, शिक्षेच्या भीतीपेक्षा देवावरच्या प्रेमापोटी पश्चात्ताप करावा आणि पहिल्या संधीला कुमसार करीन असा पक्का निश्चय करावा. तोपर्यंत सहसा कम्युनिअनला, म्हणजे मिस्सेत प्रसाद घ्यायला, जाऊ नये. दोह्याच्या चर्चमध्ये शुक्रवारी सुट्टीमुळे तोबा गर्दी असते, तेव्हा कामाच्या दिवशीची वेळ विचारून ठेवावी. फादरांना मराठी येत नाही ही सबब टिकत नाही. मोडक्या इंग्रजीत पाप कोणतं आणि किती वेळा एवढं सांगितलं तरी चालतं. कोणाची नावं नकोत, कहाणी नको. अगदीच अडलं तर चर्चचा कायदा दुभाष्याची परवानगी देतो, आणि गुप्ततेचं बंधन त्या दुभाष्यालाही असतं.

आता ज्याचं नुकसान केलं त्या माणसाकडे वळू. इथे गाडी सगळ्यात जास्त अडते. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकात (५:७) हिशेब दिलाय: पाप कबूल कर, मुद्दल पूर्ण परत कर, वर पाचवा हिस्सा घाल. पन्नास हजारांचे साठ हजार होतात. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केले. पण परदेशातून नुसते पैसे पाठवणं ही मोठी चूक. आखातातून खात्यावर आलेली रक्कम घरी मदतच समजली जाते. भाऊ फोन करून उलट तुमचे आभार मानेल आणि चोरीवर उपकाराचा मुलामा चढेल. आधी फोन करा, मग पैसे. मेसेज नको, आवाजच हवा. वाक्य साधं असू द्या: ‘अण्णा, काजूच्या पैशातले पन्नास हजार मी तुला न सांगता ठेवून घेतले. माझं चुकलं. साठ हजार आज पाठवतोय. मला माफ कर.’ त्यात ‘पण’ घालू नका. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही घालू नका.

बांध कोरला असेल तर पैशाने भागत नाही. शेजाऱ्याची मेर सरकवू नको, असं बायबलचं ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगतं. ती मेर मोजणी करून परत जागेवर बसवावी लागते. त्यासाठी सुट्टीची वाट बघायला नको. दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र विश्वासातल्या माणसाच्या नावे पाठवता येतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं लक्षात ठेवा.

तत्परता म्हणजे सगळ्यांसमोर सगळं ओकणं नव्हे. पापाचा घेर जेवढा, कबुलीचा घेर तेवढाच. मनातल्या मत्सराची बातमी त्या वहिनीला देऊन तिची झोप उडवू नये. ती देवाला आणि फादरांना सांगावी. नवरा-बायकोतला विश्वासघात असेल तर सांगण्याआधी पाळकाशी किंवा फादरांशी बोलावं, पण तेही त्याच आठवड्यात. मंडळीसमोर केलेली बदनामी मात्र मंडळीसमोरच मागे घ्यायला हवी. एकदा क्षमा झालेलं पाप पुन्हापुन्हा उकरून काढणाऱ्यांनी कबुली ऐकणारा एकच माणूस धरावा आणि तो ‘पुरे’ म्हणाला की थांबावं.

भाऊ फोन आपटेल, पैसे परत पाठवेल, हेही होतं. त्याने क्षमा करावी अशी अट तुमच्या कबुलीला नाही. ती रक्कम त्याचीच आहे, ती आपल्या घरखर्चात मिसळू नका. वेगळी ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा विचारा. तो माणूसच वारला असेल तर वारसांना द्या. आणि वारसही कोणी नसेल, तर गणना ५:८ प्रमाणे ती रक्कम देवाची, म्हणून ती चर्चच्या हवाली करा.