एलईडीमुळे डोळे जातात म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मूळ हिंदीतला, कुणीतरी मराठीत केलेला, वर लाल अक्षरांत ‘सावधान’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एलईडीच्या निळ्या प्रकाशानं डोळ्याचा पडदा जळतो आणि दोन वर्षांत नजर जाते, साठीच्या पुढच्यांनी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी घरातले एलईडी आजच काढावेत, युरोपात या दिव्यांवर बंदी आहे म्हणून ते आपल्या गळ्यात मारतात, बल्ब फुटला तर पाऱ्याची विषारी वाफ निघते, वीज काही वाचत नाही, आणि हॅलोजनचा उजेड सूर्यासारखा असल्यामुळे तोच निर्धोक.

हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला. ती रामबागेत राहते, पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तिनं वायरमनला बोलावून हॉलच्या फॉल्स सीलिंगमधले एलईडी काढायला लावले आणि माळ्यावर जपून ठेवलेले हॅलोजनचे स्पॉट परत बसवून घेतले. जिन्यात ४० वॅटचा जुना बल्ब आला. मी गेले तेव्हा ती रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी खिडकीपाशी धरून त्यावरचं नाव लावत होती. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत शिकलेली माणसं आहेत, त्यातले दोघे-तिघे तर इंजिनिअर आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

युरोपातल्या बंदीचा मुद्दा सगळ्यात सोपा, कारण तो साफ उलटा आहे. बंदी आहे, पण ती हॅलोजनवर. थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारे हॅलोजनचे बहुतेक स्पॉट युरोपीय संघानं २०१६ च्या सप्टेंबरात बाजारातून बाद केले आणि १ सप्टेंबर २०१८ पासून घरगुती वापराचे बहुतेक साधे हॅलोजन बल्बही. कारण एवढंच की ते वीज फार खातात. आत्यानं माळ्यावरून काढून लावले ते याच जातीचे.

पाऱ्याचं म्हणाल तर तो सीएफएलमध्ये असतो, आणि ट्यूबलाइटमध्ये. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, ही सूचना खरी आहे आणि ती त्या पिळदार बल्बांसाठी होती. कुणीतरी ती उचलून एलईडीला चिकटवली. एलईडीत पारा नसतोच. सीएफएल अजून घरात असतील तर आपल्या कचरागाडीवर घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा डबा असतो, त्यात टाका. एलईडी ई-कचऱ्यात.

आता डोळे. इथे थांबून बोलावं लागेल, कारण खरं नुकसान या मुद्द्यानं होतंय.

निळ्याचा संबंध कुठून आला ते आधी सांगते. पांढऱ्या एलईडीत आत निळा डायोड, म्हणजे निळा प्रकाश देणारा चिमुकला भाग असतो आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळ्या प्रकाशाचा काही भाग फॉस्फर पिवळ्यात बदलतो, उरलेला निळा त्यात मिसळतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. हा निळा डायोड बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा एलईडीच्या उजेडात निळा भाग असतो हे खरंच. प्रश्न त्याच्या प्रमाणाचा आहे.

युरोपीय आयोगाची आरोग्य आणि पर्यावरणाचे धोके तपासणारी एक वैज्ञानिक समिती आहे. तिनं एलईडीवरचं उपलब्ध संशोधन तपासून २०१८ मध्ये मत दिलं. निरोगी सर्वसाधारण माणसानं एलईडीचे दिवे आणि मोबाइल-टीव्हीचे स्क्रीन नेहमीसारखे वापरले तर त्यांच्यामुळे थेट आरोग्याला अपाय होतो असा पुरावा नाही, असं ते मत आहे. त्याच समितीनं हेही नोंदवलं आहे की लहान मुलांचे डोळे निळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतात, वयस्कर लोकांना निळसर दिवे टोचू शकतात, आणि संध्याकाळनंतरच्या प्रकाशाचा शरीराच्या घड्याळावर परिणाम होऊ शकतो. टोचणं वेगळं आणि पडदा जळणं वेगळं. दोन वर्षांत नजर जाईल असं तिथे कुठेही नाही.

मेसेजमध्ये ‘फ्रान्स सरकारचा इशारा’ असाही एक उल्लेख आहे. तो बिनबुडाचा नाही, हे मान्य करते. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण आणि कामाच्या ठिकाणच्या आरोग्याशी संबंधित संस्थेनं २०१९ मध्ये खरोखरच इशारा दिला होता. पण तो होता प्रखर आणि निळसर पांढऱ्या प्रकाशाबद्दल: गाड्यांचे हेडलाइट, काही टॉर्च, दिवे असलेली खेळणी, झोपण्यापूर्वीचे मोबाइलचे पडदे. घरासाठी त्यांनी काय सांगितलं? वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे दिवे वापरा. एलईडी काढून फेका असं सांगितलं नाही. ज्यानं मेसेज लिहिला त्यानं पहिलं अर्ध वाक्य घेतलं आणि उरलेलं सोडलं.

प्रमाण समजून घ्यायचं असेल तर उन्हाचे आकडे बघा. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. दुपारच्या उघड्या उन्हात साधारण १ लाख लक्स प्रकाश असतो. सावलीत बसलात तरी हजारांच्या घरात. रात्री घरातल्या हॉलमध्ये चांगला उजेड म्हणजे १०० ते ३०० लक्स. डिसेंबरात आत्या सकाळचा तासभर गच्चीत ऊन खात बसते. तेवढ्या वेळात आकाशातला जो निळा प्रकाश तिच्या डोळ्यांत जातो त्याच्यापुढे हॉलमधल्या दिव्यांचा निळा भाग नगण्य आहे. ऑपरेशनमध्ये बसवतात ती भिंगं अतिनील किरण अडवणारी असतात, काही तर मुद्दाम पिवळसर केलेली असतात. हे तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनीही सांगितलं असतं, पण मेसेज आधी पोचला.

आणि ज्यांना हा मेसेज घाबरवतो त्याच माणसांना उजेडाची गरज सगळ्यात जास्त असते. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळं पडत जातं. विशीतल्या माणसाच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. ऑपरेशननंतर भिंग स्वच्छ होतं, बाहुली मात्र लहानच राहते आणि फिक्या-गडद रंगांतला फरक पूर्वीसारखा कळत नाही. आत्याच्या घरचा जिना कोटा दगडाचा आहे, सगळ्या पायऱ्या एकाच हिरवट-करड्या रंगाच्या. मंद उजेडात शेवटची पायरी आणि खालची फरशी एकच दिसते. तिथे ९ वॅटचा एलईडी होता, साधारण ९०० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे बल्ब एकूण किती उजेड देतो त्याचं माप). आता ४० वॅटचा जुना बल्ब आहे, जेमतेम ४०० ल्यूमेनचा. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे. मेसेज पाठवणारा कुणी त्या जिन्यात हात धरायला येणार नाही.

हॅलोजन ‘निर्धोक’ म्हणणं तर मला सहनच होत नाही. हॅलोजन बल्ब चालतो तोच मुळी उष्णतेवर. तारेवरून उडालेलं टंगस्टन परत तारेवर बसावं म्हणून त्यात आयोडिन किंवा ब्रोमिन असतं, आणि ही क्रिया चालू राहायला काचेचं तापमान २५० अंशांच्या वर असावं लागतं. घेतलेल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच जाते. आत्याच्या हॉलमध्ये स्टुलावर चढून पाहा: प्रत्येक स्पॉटभोवती पीओपीवर तपकिरी कडं उमटलं आहे, आणि होल्डर बाहेर ओढला तर मागच्या वायरचं आवरण नखानं टोकरताच भुगा होऊन पडतं. त्याच पोकळीत फॉल्स सीलिंगची लाकडी पट्टी आहे. बरं, ज्या अतिनील किरणांची भीती घालतात ते हॅलोजनमधून थोडे तरी निघतात, म्हणून तर त्याला खास काच लागते. घरगुती पांढऱ्या एलईडीत ते जवळजवळ नसतात.

‘सूर्यासारखा’ या शब्दात थोडं तथ्य आहे. हॅलोजनच्या वर्णपटात मध्येच गाळलेली जागा नसते, त्यामुळे रंग खरे दिसतात. महेश्वरी साडीच्या काठाचा जांभळा आणि निळा स्वस्त एलईडीखाली ओळखू येत नाही, हा अनुभव मलाही आहे. त्यासाठी खोक्यावर सीआरआय बघायचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ८० सर्रास मिळतो, ९० चे बल्ब थोडे महाग पडतात. कपाटापाशी, आरशापाशी ते लावावेत.

विजेचा हिशोब कुणीही करू शकतो. हॅलोजन एका वॅटला १५ ते २० ल्यूमेन देतो, चांगला एलईडी १०० च्या आसपास. आत्याच्या हॉलमध्ये ५० वॅटचे ८ स्पॉट आहेत, म्हणजे ४०० वॅट. रोज ५ तास धरले तर २ युनिट, महिन्याला ६०. तिथेच ७ वॅटचे ८ एलईडी लावले तर महिन्याला साडेआठ युनिटसुद्धा होत नाहीत, आणि उजेडही फारसा कमी होत नाही. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटला १०० रुपये लागतात. १५० ओलांडले की ती सवलतच जाते. पन्नासेक युनिटांचा फरक इथे किती महत्त्वाचा आहे हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. ‘कंपन्यांची लूट’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या, स्वस्तात एलईडी बल्ब देणाऱ्या उजाला योजनेसाठी सरकारनं एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा बल्बचा खरेदीभाव ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ वर आला होता.

‘लगेच उडतात’ ही तक्रार मात्र मी खोटी म्हणणार नाही. डायोड सहसा जात नाही, आतला ड्रायव्हर, म्हणजे डायोडला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट जातं. बंद काचेच्या शेडमध्ये उष्णता कोंडली किंवा पावसाळ्यात व्होल्टेज वर-खाली झालं की आधी त्याचाच बळी. महाराणी रोडवर खोक्याशिवाय ढिगानं विकले जाणारे बिननावाचे बल्ब घेतले तर २५ हजार तासांची अपेक्षा करू नये. काही स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतातही. डोळ्याला ते जाणवत नाही, पण ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना त्रास होऊ शकतो. मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ लावून बल्बाकडे धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब परत करा.

आणि सरसकट ६५०० केल्विनचे पांढरेफटक बल्ब लावायची आपल्याकडची सवय, तिच्यामुळेच अशा मेसेजांना खतपाणी मिळतं. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर. झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे वॉर्म व्हाइट लावा. हॅलोजनचा रंगही तोच असतो. स्वयंपाकघरात ४००० चालतात. उघडा डायोड थेट नजरेत येईल असा स्पॉट बसवू नका, दुधी झाकण असलेला घ्या. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, म्हणजे ‘आर’ आणि पुढे आठ आकडे, आणि एलईडी बल्बांच्या मानकाचा क्रमांक आयएस १६१०२ हे छापलेलं आहे का ते वाचा.

ज्यांच्या फॉल्स सीलिंगमध्ये १२ व्होल्टचे हॅलोजन आहेत त्यांनी नुसता बल्ब बदलू नये. जुन्या ट्रान्सफॉर्मरला ठरावीक किमान लोड लागतो, एलईडीचा लोड तेवढा होत नाही आणि दिवे लुकलुकायला लागतात. डिमर जुना असेल तरी तेच. ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर बसवा, नाहीतर सरळ २३० व्होल्टचे स्पॉट घ्या. आणि वायरमन वर चढलाच आहे तर भुगा झालेल्या वायरचा तुकडा कापून नवा जोडायला सांगा, नुसती टेप गुंडाळू देऊ नका.