जाहिरातींशी सुखाने कसे नांदावे?

केबलवाल्याला कायमचा रामराम ठोकलात? अभिनंदन! घरात भिंतभर स्मार्ट टीव्ही आला, वायफाय आलं, सिनेमे-मालिकांच्या ऑनलाइन ॲपची वर्षाची वर्गणी आगाऊ भरून झाली. आता जाहिरातींबरोबर संसार कसा करायचा, ते अनुभवी माणसाकडून ऐका.

पहिलं म्हणजे, पैसे कशाचे भरले होते ते विसरा. वर्ष संपायच्या आत एक गोड मेल येतो. तुमच्या आनंदात भर पडावी म्हणून आम्ही 'मर्यादित' जाहिराती आणतोय, नको असतील तर थोडे जास्त पैसे भरा. चाळीच्या नळाला बूच मारून पाण्याचे पैसे मागणाऱ्याला चोप बसला असता. इथे आपण निमूट ओटीपी टाकतो.

जाहिरात लागली की आवाज दुप्पट होतो, त्याला दचकू नका.

मोठमोठे नट वेलची खाताना दिसले, तर मुलांना सांगा की ती वेलचीच आहे.

आणि कृपा करून मोबाइलवर दुखणं शोधू नका. शेजारच्या काकांसाठी मी मूळव्याधीचा डॉक्टर शोधला, एवढाच माझा गुन्हा. रविवारी व्याही पहिल्यांदाच घरी आले. पोह्यांच्या बशा हातात, समोर सामना, शेवटचं षटक तोंडावर आलेलं. मध्येच पडद्यावर एक कण्हणारे गृहस्थ अवतरले आणि विचारू लागले, "शौचाला बसताना आग होते का?" व्याह्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विहीणबाईंनी बशी खाली ठेवली. आता त्यांना काय सांगू, की काका शेजारी राहतात? थेट सामन्यातसुद्धा जाहिरात माणूस बघून घुसवता येते. शेजाऱ्याला त्याच वेळी नवी गाडी दिसली असेल. मोबाइल आणि टीव्ही एकाच वायफायवर, दोन्हीकडे लॉगिन एकच, मग जोडी जुळवायला कितीसा वेळ लागतो? त्यात कित्येक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय तेही टिपून धाडतात. अमेरिकेत टीव्ही बनवणारी व्हिझिओ कंपनी यात सापडली. टीव्ही १ कोटी १० लाख, आणि २०१७ मध्ये सरकारशी तडजोड करून सुटली २२ लाख डॉलरला. टीव्हीमागे २० सेंट! आपल्या दिवाणखान्यात डोकावायचा भाव हा.

लघुशंका पाच सेकंदांत उरकायला शिका, 'स्किप' नेमकं तेव्हाच येतं.

पण पुरे झाली ही थट्टा. अहो, साध्या टीव्हीला निदान नियम तरी आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४. तासाला १२ मिनिटांच्या वर जाहिराती नाहीत, त्यातली दोन वाहिनीच्या स्वतःच्या. वाहिन्या तो किती पाळतात ते आपण रोज बघतो, पण बोट दाखवायला कागद तरी आहे. ऑनलाइनवाल्यांना तेवढाही धाक नाही. २०२१ च्या आयटी नियमांत वयाची वर्गवारी आहे, तक्रार अधिकारी आहे. तासाला जाहिराती किती, यावर ब्र नाही! नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार जाहीर केले. वर्गणीचा सापळा त्यात आहे, एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं त्यात आहे. तरी यांचं कुणी काही वाकडं केलंय का? आणि करणार तरी कशाला? आपण सोसायटीच्या ग्रुपवर दोन संतापलेले चेहरे टाकतो आणि ऑटोपे तसंच चालू ठेवतो. वर्गणी आपोआप कापली जाते, तेव्हा मेसेजही वाचत नाही. वर्षभर शिव्या घालायच्या आणि तारीख आली की पुन्हा पैसे मोजायचे, याला काय म्हणायचं? ते ऑटोपे आज बंद करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून ती पाळत बंद करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, चार आकडे दाबायला बोटं झिजत नाहीत. तेवढंही जमत नसेल, तर माझ्याकडे रडू नका.