येळवशीची रजा आणि घाटीचा डबा

१९८५ साली संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि निम्म्या मराठवाड्यातली पोरं इकडं सरकली. बजाजनगरच्या आमच्या कट्ट्यावर म्हणूनच हाक तालुक्यानं मारतात. औसेकर, मंठेकर, गेवराईकर.

परवा मंठेकर सप्त्याचं पावतीबुक घेऊन आला. "काकडा, हरिपाठ, काल्याचं कीर्तन. गावाकडं होतं तसंच सगळं."

"तसंच?" औसेकर भडकला. "तिकडं घरोघरच्या पोळ्या जमा होतेत. इथं आचारी, आन् मंडपापेक्षा मोठा भावी आमदाराचा बॅनर!"

"तुला येळवस सोडून काही दिसतं का?"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, आंबिलीचा माठ, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, उंडे. औसेकर त्या दिवशी रजा टाकून गावी जातोच. तो कायम कामगार, त्याला जमतं. कंत्राटी पोरांचा खाडा पगारातून कापला जातो. त्यांच्या घरी भज्जी गॅसवरच होते.

"शेताबिगर येळवस म्हंजे नुसता सैपाक," औसेकर म्हणतो. मला हे पटत नाही. आमच्या चाळीत येळवस ठाऊक नसलेली सिल्लोडची वहिनी आता स्वतःच विचारते, "यंदा भज्जी कधी?" रजा टाकणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्या दिवशी तो इथं नसतो.

गेवराईकर इतका वेळ तंबाखू मळत होता. "सण राहू द्या. गाव घाटीच्या सरकारी दवाखान्यात कळतं. गावचा पेशंट आला की पहिला फोन आपल्याला. डबा, रक्त, रातच्याला वार्डाबाहेर झोपायला माणूस. कोणता सप्ता करतो हे?"

"फोन कुणाचा येतो पण?" मंठेकर. "भावकीचाच ना? खालच्या आळीतला पेशंट आला तर नेतो का तुमचा ग्रुप डबा?"

"मागं रक्त दिलं की आमी."

"रक्त दिलं. डबा?"

गेवराईकरानं तंबाखू तोंडात टाकली. "त्यायचे लोक होते की इथं... त्यायनी आणला आसंल."

खोली बघायला गेलं की घरमालकही आधी गाव विचारतो, मग आडनाव. हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत आहे.

मंठेकर जिंकल्यासारखा बघत होता. औसेकरानं त्यालाच धरलं. "लई बोललास. यंदा तुमच्या पंगतीत वाढायला कोण कोण हाय?"

मंठेकर एकेक नाव घ्यायला लागला.

"आडनावासगट सांग," औसेकर म्हणाला.