‘मन आनंदी ठेवा, एमएस बरा होईल’: हे का खरं नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तिघांनी पाठवला. आधी आत्यानं, मग बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या ग्रुपवर कुणीतरी, मग एका विद्यार्थ्याच्या आईनं. चौथ्या बाईंनी तो मला समोर बसून दाखवला. न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्या माझ्या शेजारी होत्या. सोबत 23 वर्षांची मुलगी, मांडीवर एमआरआयचं मोठं पाकीट. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकलं म्हणून त्यांनी विचारलं, “ताई, तुम्हालाही हेच आहे का? मग हे वाचा ना. गोळ्या थांबवून महिनाभर हे करून बघावं म्हणते.” मुलगी मान खाली घालून बसली होती.

आत बोलावणं येईपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं त्यांना सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते आहे.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि नसांचा आजार) मनातून सुरू होतो, दुःख आणि राग साठला की नसा सुकतात. मनानं ठरवलं की पाय उचलतो. पॉझिटिव्ह सायकॉलॉजीनं (माणूस सुखी कशानं होतो हे अभ्यासणारी मानसशास्त्राची शाखा) सिद्ध केलंय की 40 टक्के आनंद आपल्या हातात असतो, आणि एका वाईट विचारामागे तीन चांगले विचार आणले की आजार पुढे सरकत नाही. रोज रात्री तीन गोष्टींसाठी कृतज्ञता लिहिली की औषधं लागत नाहीत. जो रडतो तो आजाराला खतपाणी घालतो. आणि शेवटी एका बाईंची गोष्ट, ज्या सहा महिन्यांत काठी टाकून चालायला लागल्या.

मला एमएस होऊन 11 वर्षं झाली. घरी गणिताच्या शिकवण्या घेते. पॉझिटिव्ह सायकॉलॉजीशी माझं काही वाकडं नाही, त्यातल्या एकदोन गोष्टी मी रोज करते आणि त्यांचा मला उपयोग होतो. म्हणूनच तिच्या नावावर हे जे काही खपवलं जातंय त्याचा मला राग येतो.

पहिली गोष्ट आजाराच्या कारणाची. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसेवरचं मायलिन कुरतडते. मायलिन म्हणजे वायरवर रबर असतं तसं आवरण. ते गेलं की संदेश अडखळतो. तो कुठे अडखळला त्यावर ठरतं, डोळ्यापुढे धूसर होणार, पायाला मुंग्या येणार की लघवीवरचा ताबा जाणार. एमआरआयवर या जागा पांढऱ्या डागांसारख्या दिसतात. ‘दुःखामुळे होतो’ हा समज मात्र फार जुना आहे. ज्या शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1868 मध्ये या आजाराची नीट ओळख पटवली, त्यांनीही पुढे कारणांमध्ये दीर्घकाळचं दुःख धरलं होतं. त्यानंतर दीडशे वर्षं संशोधन झालं. 2022 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका 32 पट होतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात येऊन गेलेला असतो, त्यामुळे तो एकटा आजार घडवत नाही. आनुवंशिकता, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचाही वाटा आहे. राग गिळणारा स्वभाव या यादीत नाही.

ताणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी टाळणार नाही. 2004 मध्ये 14 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ताणाच्या घटना आणि त्यानंतरचे एमएसचे अटॅक (लक्षणं एकदम उसळणं) यांचा संबंध दिसला. 2012 मध्ये 121 रुग्णांवर एक प्रयोग झाला. मानसोपचारतज्ज्ञाबरोबर 24 आठवडे ताण-व्यवस्थापनाची सत्रं घेतली, तर त्या काळात एमआरआयवर नवे डाग कमी आले. मेसेज लिहिणाऱ्याला हा अभ्यास सापडला असता तर त्यानं तो नक्की वापरला असता. पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की सत्रं संपल्यावर तो फायदा टिकला नाही. शिवाय ती तज्ज्ञानं आखून घेतलेली सत्रं होती, घरच्यांनी ‘खूश राहा’ म्हणून सांगणं नव्हतं. ताण हलका करता आला तर हवाच आहे. पण ‘ताणानं अटॅक येऊ शकतो’ यातून ‘तुझ्या स्वभावानं तुला आजार झाला’ हे कसं निघतं?

आता ‘मनानं ठरवलं की पाय उचलतो’. गेल्या मे महिन्यात मी आणि आत्या खंडेराव मार्केटात लोणच्याच्या कैऱ्या घ्यायला गेलो होतो. निघता निघता अकरा वाजून गेले. बडोद्याचं ते ऊन ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं सांगायला नको. रिक्षापर्यंत पोचायच्या आत माझा उजवा पाय घासटायला लागला, चपलेचं टोक फरशीच्या कडेला अडकत होतं. समोरच्या पाट्या धुरकट झाल्या. आत्या म्हणाली, “अगं, दहा पावलं राहिलीत, मन घट्ट कर.” मी केलंच होतं, दात आवळून. चौथ्या पावलाला एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसावं लागलं. उसाच्या रसाच्या गाडीवाल्यानं न विचारता रुमालात बर्फाचा तुकडा बांधून दिला. तो मानेवर धरला, पाणी प्यायले, सावलीत बसून राहिले. अर्ध्या तासात पाय उचलायला लागला, पाट्याही वाचता आल्या.

त्या अर्ध्या तासात बदललं ते फक्त अंगाचं तापमान. आवरण गेलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो; शरीर अर्धा अंश तापलं तरी तो अडतो. ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्येच हे टिपलं होतं. एमआरआय येण्याआधी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत असत. ज्याचं कारण टबातल्या पाण्याइतकं साधं आहे, त्याचा दोष आपण माणसाच्या जिद्दीला देतो.

काठी टाकलेल्या बाईंची गोष्ट खरीही असेल. एमएसच्या साधारण 85 टक्के रुग्णांमध्ये सुरुवातीला आजार अटॅक येऊन, मग ओसरत ओसरत चालतो. माझा पहिला अटॅक डावा डोळा घेऊन आला आणि दोन महिन्यांत दिसणं बरंचसं परत आलं. त्या दोन महिन्यांत मी घरच्यांच्या आग्रहानं गव्हांकुरांचा रस प्यायले, एक नवसही बोलले, आणि स्टिरॉइडची सलाईनही घेतली. रसवाल्यानं श्रेय घेतलं असतं तर मला खोडून काढता आलं नसतं. ओसरण्याच्या काळात जे काही केलेलं असेल ते ‘लागू पडलं’ असं वाटतंच.

आकड्यांचं पटकन सांगते, गणित माझा विषय आहे म्हणून राहवत नाही. 40 टक्क्यांचा आकडा 2005 च्या एका संशोधन-लेखातला आहे. लोकांच्या सुखात एकमेकांच्या तुलनेत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा त्यांच्या वागण्या-करण्याचा असू शकेल याचा तो अंदाज होता. एका माणसाच्या सुखाचे 100 भाग करून 40 त्याच्या मुठीत देणारं ते गणित नव्हतंच. आणि मूळ लेखकांपैकी दोघांनी पुढे स्वतःच मान्य केलं की तो आकडा जास्त धरला गेला असावा. एकास तीनचं प्रमाणही 2005 चंच, 2.9013 असं चार दशांशांपर्यंत काढलेलं. 2013 मध्ये निक ब्राउन नावाच्या, पन्नाशी ओलांडून मानसशास्त्र शिकायला आलेल्या विद्यार्थ्यानं ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्याबरोबर त्यामागची समीकरणं तपासली आणि ती इथे लागूच होत नाहीत हे दाखवलं. मूळ लेखाचा तो गणिती भाग मागे घेतला गेला. आमच्या ग्रुपवर तो अजून फिरतो आहे.

कृतज्ञतेची वही मी लिहिते, म्हणून तिच्याबद्दल मला नीट बोलायचं आहे. 2003 मध्ये एमन्स आणि मॅककलो यांनी स्नायू-नसांचे आजार असलेल्या 65 लोकांकडून 21 दिवस अशा नोंदी करून घेतल्या. लिहिणाऱ्यांचं मन जास्त प्रसन्न राहिलं, झोप बरी लागली. ते एमएसचे रुग्ण नव्हते, आणि नसा दुरुस्त झाल्या असं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही. माझा अनुभवही एवढाच आहे. दिवसभर डोकं पायाभोवती फिरत असतं. रात्री तीन ओळी लिहायच्या म्हटल्यावर संध्याकाळी आठवतं की दहावीतल्या पोरानं आज बीजगणिताचं एक उदाहरण स्वतःहून सोडवलं होतं. ते लिहून झोपायला बरं वाटतं. एवढं बरं वाटणं मला पुरेसं मोलाचं आहे. त्याच्यावर डागांची जबाबदारी टाकायला नको.

आणि औषध थांबवण्याचा विषय तर चर्चेचाच नाही. एमएसची वाटचाल बदलणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन, 1993 मध्ये आलं. त्याआधीच्या रुग्णांकडे इच्छाशक्ती होतीच, अटॅक कमी करणारं औषध नव्हतं. आज ते आहे. फिंगोलिमॉडसारखी गोळी किंवा नॅटॅलिझुमॅबचं इंजेक्शन अचानक बंद केलं तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो. फिंगोलिमॉडबद्दल तर अमेरिकेच्या औषध नियामकानं 2018 मध्ये तसा इशाराच दिला आहे. बाकावरच्या त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, की वही जरूर सुरू करा, पण गोळीचं काय ते आत गेल्यावर डॉक्टरांनाच विचारा. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला होता आणि हातात पुढच्या महिन्याची चिठ्ठी होती.

आता रडण्याबद्दल. ‘जो रडतो तो आजाराला खतपाणी घालतो’, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

एमएसच्या एक चतुर्थांश ते निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतं. नोकरी सुटते, लग्न मोडतं, पुढचा अटॅक कधी येईल ते कळत नाही, ही कारणं दिसणारी आहेत. न दिसणारंही एक आहे: मेंदूतल्या ज्या भागांवर आपला मूड अवलंबून असतो, तिथेही डाग आणि दाह पोचतात. म्हणजे पाय जड होतो तसंच मनही या आजारानंच जड होतं. काहींना तर आतून काही वाटत नसतानाही रडू कोसळतं, किंवा स्मशानात हसू फुटतं, आणि ते थांबवणं त्यांच्या हातात नसतं. औषधंही मूड हलवतात. अटॅक आला की तीन ते पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टिरॉइड सलाईनमधून देतात. मला दिलं तेव्हा तिसऱ्या रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे घासत होते, अंगात नको इतका उत्साह होता. आठवड्यानं उशीवरून डोकं उचलत नव्हतं. ती बाई कोणती सकारात्मक आणि कोणती नकारात्मक? दोन्ही मीच होते.

पुढे एकदा आठ महिने मी माझं डिप्रेशन लपवलं. सगळे म्हणत, “तू किती हसतमुख आहेस गं, म्हणून तर टिकलीस.” हे ऐकल्यावर ‘मला सकाळी उठावंसं वाटत नाही’ असं कुणाला सांगणार? डॉक्टरांनी विचारलं तरी मी “मस्त” म्हणायचे. शेवटी ह्यांनीच एका व्हिजिटला माझ्यादेखत सांगितलं, “ही रात्ररात्र जागी असते.” मग गोळ्या सुरू झाल्या, विचारांवर काम करणारी समुपदेशनाची सत्रं झाली, आणि चार महिन्यांनी सकाळचा चहा चहासारखा लागायला लागला. डिप्रेशनवर उपचार आहेत, एमएस असतानाही ते लागू पडतात. सजगतेच्या ध्यानाचाही आधार आहे: 2010 मध्ये 150 रुग्णांवरच्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या वर्गानं डिप्रेशन आणि थकवा दोन्ही कमी झाले. पण हे सगळं सुरू व्हायला आधी ‘मला बरं वाटत नाही’ हे म्हणता आलं पाहिजे. रडणाऱ्याला खतपाणी घालणारा म्हटलं की तो बोलायचा थांबतो. आपल्या घरात कुणी असं गप्प झालं असेल, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर त्याला सरळ विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या नंबरवर अहोरात्र आहे, फुकट आहे, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं.

हे सगळं मी आत्याला आधी फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलं तुला धीर येईल. मग मी काय करू ते तरी सांग.” मी म्हटलं, ऊन चढायच्या आत ये, मला चालायला सोबत हवी असते.

आता ती गुरुवारी सकाळी साडेसहाला येते. आम्ही सुरसागर तलावापर्यंत जातो, काठावर थोडं बसतो आणि आठच्या आत घरी. निघताना ती विचारते, “आज पाय कसा आहे?” जड असेल तर मी जड म्हणते, मग कोपऱ्यापर्यंतच जातो. काल रात्रीच्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: परत येताना मी काही न बोलता आत्यानं रिक्षाला हात केला.